भिशी कशासाठी उचलायची?

प्रश्न : मी मिरजेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नवा पीसी जुळवायचाय. एएमडीचा रायझन ९ ९९००एक्स प्रोसेसर घ्यायचा तर भिशी उचलावी लागेल. दुकानदार म्हणतो, आत्ता रायझन ५ ७६०० घ्या, दोन वर्षांनी बदला. असं खरंच जमतं, की नुसतं बोलायचं?

उत्तर : जमतं. मी केलंय. २०१८च्या दिवाळीत रायझन ३ २२००जी घेतला आणि वाचलेले पैसे चांगल्या बी४५० मदरबोर्डात घातले. चार वर्षांनी त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवला. चार कोअरचे (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांचे) सहा झाले, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) चाराचे बारा. रॅम तीच, कॅबिनेट तेच. बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) आधीच, जुना प्रोसेसर असतानाच अपडेट केला होता, म्हणून मी निर्धास्त. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळीच! तासभर बायोसला शिव्या घातल्या, मग डोक्यात उजेड पडला. २२००जीमध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स होतं, ५६००मध्ये ते नसतंच. शेवटी भाच्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड मागून आणलं. (७६००मध्ये जुजबी ग्राफिक्स आहे, घाबरू नका.)

पण हे जमलं ते एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) इतकी वर्षं टिकलं म्हणून. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर प्रोसेसरची बारावी, तेरावी, चौदावी पिढी आली. २०२४मध्ये पुढचे डेस्कटॉप प्रोसेसर आले ते एलजीए १८५१ वर. तुमचा ७६०० एएम५ वर बसतो आणि हे सॉकेट २०२७ पर्यंत व त्यापुढेही चालवू, असं एएमडीने सांगितलंय. म्हणून प्रोसेसर खुशाल स्वस्तातला घ्या, बोर्ड मात्र नाही. दुकानदार स्वस्तातला ए६२० बोर्ड पुढे करेल. तुम्ही बी६५० मागा. उद्याच्या ९९००एक्सच्या बारा कोअरना वीज त्या बोर्डालाच पुरवायची आहे.

आता एक उलट प्रश्न. तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात) शूट करतो का? तसं असेल तर टाइमलाइन अडखळते ती बहुतेक डिकोडिंगपायी, म्हणजे दाबून साठवलेलं फुटेज उलगडण्यापायी. कोअर वाढवून फारसा फरक पडणार नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतली ग्राफिक्स कार्डं हे फुटेज हार्डवेअरवरच उलगडतात. तेव्हा भिशी उचलायचीच, तर कार्डासाठी उचला.

आणि हो, ७६००च्या खोक्यात कूलर येतो, ९९००एक्सच्या येत नाही. दोन वर्षांनंतरच्या हिशेबात तो धरून ठेवा.