हातमोजे, पॅड आणि गाद्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

हंगाम बदलला की पत्रांतली दुखणी बदलतात, पण एक समजूत बारमाही आहे: फोम जितका जाड, तितका हात सुरक्षित. बेळगावच्या उद्यमबागेच्या शेडमधून ती येते, वडगावच्या मागांवरून येते, चिक्कोडी-अथणीच्या ऊसतोड टोळ्यांकडूनही येते. म्हणून या वेळी फक्त पॅड आणि हातमोजे यांचेच प्रश्न घेतले आहेत.

मनगट दुखतं. बाजारात चुंबकाचा पट्टा मिळतो, आत जेलची गादीही आहे. घेऊ का? (शिक्षिका, टिळकवाडी)

नको. दबलेली नस चुंबकाने सुटत नाही. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्या.

आईच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, खुरपं धरवत नाही. मुठीला स्पंज गुंडाळून दिला, तर दोन दिवसांत तो चपटा झाला आणि आता जास्तच दुखतं म्हणते. (खानापूर)

तो स्पंज गादीचा असणार. मुठीत दाबला की त्याचा तळ लागतो आणि खालचं लाकूड पुन्हा बोचू लागतं. त्यात तो घसरतो, म्हणून आई आधीपेक्षा घट्ट धरत असतील. दुखणं वाढलं ते या जास्तीच्या पकडीमुळे.

एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा रबरी फोम आणा. मूठ तयार झाल्यावर तिचा व्यास ३० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान असावा. आईंना मूठ धरायला सांगा: अंगठ्याचं टोक तर्जनीच्या शेवटच्या पेरावर सहज यायला हवं. ते पोचत नसेल तर मूठ फार जाड झाली आणि तळहातात रुतत असेल तर बारीक राहिली. फोमवर सायकलच्या ट्यूबची एक पट्टी ओढून गुंडाळा, म्हणजे ओल्या हातातही सरकणार नाही. रबराने खाज किंवा पुरळ उठलं तर ट्यूब काढून सुती पट्टी वापरा. महिनाभरात फरक पडला नाही तर अंगठ्याचा सांधा दाखवा. त्यासाठी वेगळा छोटा स्प्लिंट (सांध्याला आधार देणारा साचा) असतो.

मनगटाचा प्लास्टिकचा स्प्लिंट करंगळीच्या बाजूच्या उंच हाडावर टोचत होता. आतून स्पंजचा तुकडा चिकटवला. आता तिथली कातडी लाल झाली आहे. (निपाणी)

होणारच. स्प्लिंटच्या आतली जागा मोजकी असते. नंतर घातलेली गादी तीच जागा खाते, म्हणून हाडावरचा दाब आणखी वाढतो. क्रम उलटा हवा: हाडावर आधी गादी ठेवायची आणि तिच्यावरून गरम प्लास्टिक बसवायचं. नंतर गादी काढली तर हाडाला मोकळी जागा मिळते, ठेवली तर ती बेताची बसते.

तयार स्प्लिंटमध्ये दुखऱ्या उंचवट्यावर कधी गादी ठेवू नका. त्याच्या भोवती ठेवा, म्हणजे भार आजूबाजूच्या मऊ भागावर जातो. गादी पूर्ण गोल कडं करून कापू नका, कारण कड्याच्या आतली कातडी सुजून वर येते. इंग्रजी यू अक्षरासारखी कापा आणि कड तिरकी तासा. सरळ उभी कड स्वतःच रुतते. साहित्य ईव्हीए फोमचं (चपलेच्या तळाला असतो तसा घट्ट फोम) घ्या, ३ ते ६ मिलिमीटर जाडीचं, कातडीकडे मऊ थर आणि बाहेर कडक. टेबलावर ठेवून अंगठ्याने जोरात दाबा. खालचं टेबल जाणवलं तर तो तुकडा कामाचा नाही.

स्प्लिंट काढल्यावर लालसरपणा २० मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट घालणं थांबवा आणि ज्यांनी बनवला त्यांच्याकडेच परत जा, दुरुस्ती त्यांचं काम आहे. मधुमेह असेल, हाताला बधिरपणा असेल, तर २० मिनिटंही थांबू नका. बधिर हाताला टोचलेलं कळत नाही.

मी ड्रिल मशीनवर काम करतो. चिप्सने हात कापतात म्हणून जाड, पॅडवाले हातमोजे घालतो. मालकही म्हणतात, ऑडिटला मोजे दिसले पाहिजेत. कोणते चांगले? (उद्यमबाग)

फिरत्या ड्रिलवर, लेथवर किंवा मिलिंगवर कोणतेच नाहीत.

हे लिहून कंटाळा आला, पण अजून दर महिन्याला हाच प्रश्न येतो, म्हणून एकदा हिशोब मांडते. ड्रिल ५०० आरपीएमवर आहे, म्हणजे मिनिटाला ५०० आणि सेकंदाला आठ फेरे. 'ओढलं गेलं' हे कळून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) दोन फेरे घेतो. चकचा (ड्रिल पकडणाऱ्या भागाचा) व्यास ५० मिलिमीटर धरला तर दोन फेऱ्यांत ३० सेंटिमीटरच्या आसपास कापड गुंडाळलं जातं. बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पुढेच आपण पोचलो. उघड्या बोटाला चिप लागली तर जखम होते, मोज्याचं टोक अडकलं तर बोट ओढलं जातं आणि कातडी हातमोज्यासारखी सोलून निघते. मोजा जितका मजबूत, न फाटणारा आणि जाड, तितका धोका जास्त, कारण फाटून सुटायचा मार्गच उरत नाही. 'कट-प्रूफ' मोजे घालून ड्रिलवर उभं राहणं हे सगळ्यांत वाईट.

मग चिप्सचं काय? हाताने काढायच्याच नाहीत. मशीन थांबवून ब्रशने किंवा हूकच्या सळीने काढा. जॉब (ज्याला भोक पाडायचं तो तुकडा) हाताने धरायचा नाही. व्हाइसमध्ये धरा किंवा क्लॅम्प मारा, गोल जॉब असेल तर व्ही-ब्लॉकवर. जॉब सुटून फिरला की हात तोडणारा तोच. बाह्या बटण लावून घट्ट किंवा कोपराच्या वर. अंगठी, कडं, मनगटातला गंडा-दोरा काढून ठेवा. श्रद्धा असेल तर खिशात ठेवा, मनगटात नको. मोजे कुठे? जॉब उचलताना, कास्टिंग हलवताना, स्पिंडल पूर्ण थांबलेला असताना. काम बदललं की मोजा काढायचा. मशीनशेजारी मोजे टांगायला एक खिळा ठोका, म्हणजे काढलेला मोजा पुन्हा हातात राहत नाही.

मालकांसाठी: ऑडिटच्या फोटोत दिसणारे मोजे विकत घेण्यापेक्षा चकवर पारदर्शक गार्ड आणि हाताच्या अंतरावर आपत्कालीन स्टॉप बटण बसवा. पाहुणा आला की मोजे घाला म्हणणारा सुपरवायझर कामगाराला धोक्यात घालतो.

आणि झालाच अपघात, तर: मशीन बंद करा, वीज तोडा, हात ओढू नका, चक उलट्या दिशेने हाताने फिरवून सोडवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरा. बोटाला सुतळी आवळू नका. हळद, कॉफी पावडर, ग्रीस काही लावू नका. जखम धुताना शल्यवैद्यांना ते सगळं आधी काढावं लागतं. बोट तुटलं असेल तर ते शोधा, सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळा (सलाइन नसेल तर स्वच्छ पाण्यात), प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पाण्यातही बुडवू नका, दोन्हींनी पेशी मरतात. मनगटाच्या वरचा, स्नायू असलेला भाग तुटला तर थंड न ठेवता सुमारे ६ तास मिळतात. बोटांना थोडी जास्त मुदत असते, पण ती वापरायची नाही. मायक्रोसर्जरी करणारे प्लास्टिक सर्जन आत्ता उपलब्ध आहेत का, हे फोन करून विचारून मगच गाडी काढा. चुकीच्या दवाखान्यात टाके घालून परत निघालात तर दोन तास हकनाक जातात. कामगाराला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. हाडवैद्याकडे नेणं हा पर्यायच नाही.

फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव भाग साफ करायला) अँगल ग्राइंडर आणि न्यूमॅटिक चिपिंग हॅमर वापरतो. 'अँटी-व्हायब्रेशन' लिहिलेले जेलचे मोजे आणले. तरी थंडीत सकाळी बोटं पांढरी पडतात. मोजे बोगस आहेत का? (मच्छे)

बोगस असतीलच असं नाही, पण अपेक्षा चुकली आहे. आयएसओ १०८१९ या चाचणीत २५ ते २०० हर्ट्झमध्ये (सेकंदाला तितकी कंपनं) कंपन १० टक्क्यांनी कमी झालं तरी मोजा पास होतो. ४० टक्के घट मागितली आहे ती २०० हर्ट्झच्या वर. तुमचा छोटा ग्राइंडर ११,००० आरपीएमचा असेल तर त्याचं कंपन १८३ हर्ट्झचं, म्हणजे १० टक्क्यांच्याच पट्ट्यात. चिपिंग हॅमरचे ठोके त्याहूनही खाली आहेत, तिथे मोजा जवळजवळ निरुपयोगी. शिवाय मोजमाप तळहाताला होतं, बोटांना नाही. पांढरी पडतात ती बोटंच. जाड मोज्यात पकड घट्ट होते, त्यामुळे कंपन आणखी चढतं.

उपयोग कशाचा, ते सांगते. झिजलेलं, असंतुलित चाक बदला. बेअरिंग बदला. हत्यार दोरीने लटकवून वजन कमी करा, म्हणजे हलक्या हाताने धरता येतं. सलग तासभर काम करू नका, मध्ये दहा मिनिटं दुसरं काम घ्या. हात कोरडे नि गरम ठेवा, विडी-सिगारेट बंद करा. तंबाखू बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळते.

बोटं पांढरी पडणं ही हात-कंपनाच्या आजाराची ठळक खूण आहे. रात्री मुंग्या, बटण लावता न येणं, याही त्याच्याच खुणा. थांबलात तर काही प्रमाणात मागे येते, नाहीतर कायमची राहते. व्यवसायजन्य आजार जाणणाऱ्या डॉक्टरकडे या महिन्यातच जा. नसांची चाचणी (एनसीव्ही) लागेल. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथे कामाचा तपशील लिहून घ्या.

वडगावात मागावर काम आहे. धोटा (आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) उडून छातीला लागतो. पॅड शिवून घ्यावा का?

धोटा पॅड कुठे आहे ते बघून उडत नाही, डोळ्यावरही येतो. झिजलेला पिकर (धोट्याला ठोकणारा भाग), त्याचा ढिला पिकिंग पट्टा, उशिरा उघडणारा शेड (धोटा जातो ती धाग्यांमधली फट), ही कारणं जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) दाखवा आणि शटलगार्डची सळई काढलेली असेल तर परत बसवून घ्या.

ऊसतोडीत डाव्या नडगीला कोयता लागतो. फोमचा पॅड बांधला तरी कापलं. (रायबाग)

फोम मार झेलतो, धार नाही. त्याला बाहेरून कडक कवच लागतं. शेतातला जुना एचडीपीई पाइप, ९० किंवा ११० मिलिमीटरचा, लांबीने अर्धा कापा, गुडघ्याच्या तीन बोटं खालपासून घोट्याच्या वरपर्यंत. कडा कानसेने गोल करा, आतून ६ मिलिमीटर ईव्हीए, वर-खाली रुंद वेल्क्रो. वरची पट्टी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या बरीच खाली बांधा, हाडावर किंवा त्याच्या लगेच खाली आवळू नका. तिथून पाय उचलणारी नस जाते, दाब पडला की पाऊल लोंबतं. हा घरगुती उपाय घसरलेला कोयता अडवेल. पूर्ण ताकदीचा घाव अडवेल याची हमी नाही.

मोजे घेताना ईएन ३८८ (युरोपीय मानक) चं चिन्ह बघा. चार अंकांनंतरचं अक्षर पाहायचं, ते मोजा कापायला लागणारा जोर सांगतं: ए म्हणजे २ न्यूटन, डी १५, एफ ३०. डावा हात उसावर असतो, त्याला डी किंवा वरचं. पण ही चाचणी पातं सरकवून घेतात, कोयता मारून नाही. 'कट-प्रूफ' छापलं आहे आणि अक्षर कुठेच नाही, असा मोजा दुकानात परत ठेवा. जखम झाली तर धनुर्वाताची लस घ्या, बोट नीट वाकतं-उघडतं का ते बघा. वाकत-उघडत नसेल तर कंडरा (बोट हलवणारी दोरी) कापली असू शकते. नुसते टाके घालून टोळीबरोबर पुढच्या गावी जाऊ नका, उशीर झाला की कापलेली टोकं आखडतात.

सासूबाई ७८ वर्षांच्या, घरीच असतात. खुब्याचं हाड मोडू नये म्हणून पॅडवाली चड्डी घेऊ का?

फायदा दिसलेला आहे तो मुख्यतः वृद्धाश्रमांत, तोही थोडा. घरी राहणाऱ्यांमध्ये जवळजवळ नाही, आणि माणसं ती दिवसभर घालतही नाहीत. आधी न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री दिवा, डोळे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि हाडांची तपासणी.

मोटरसायकलच्या जॅकेटमध्ये फोमचे पॅड आहेत. चोर्ला घाटात पुरतील?

ईएन १६२१-१ (मार झेलणाऱ्या पॅडचं युरोपीय मानक) लिहिलेलं नसेल तर ते नुसते स्पंज समजा. त्यात लेव्हल १ पेक्षा लेव्हल २ जास्त मार झेलतो. आणि जॅकेट ढिलं असेल तर लेव्हल २ चाही पॅड पडताना कोपरावरून सरकतो.

हाताचा फोटो पाठवला तर कुठला पॅड ते सांगाल का?

नाही. फोटोत स्पर्श कळत नाही, पकडीचा जोर कळत नाही. ज्या हत्याराने दुखतं ते हत्यार आणि घातलेला मोजा बरोबर घेऊन जवळच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (हाताने रोजची कामं करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्याकडे) जा.