इंदूरमध्ये १०,००० रुपयांत घरून काय सुरू करता येईल? चकली-शेव विकू, की मुद्रा कर्ज काढून दुकान घेऊ?

दुकान नको. शेव तर मुळीच नको. ज्या गावात दर कोपऱ्यावर ताजी शेव निघते आणि लोक चाखून लवंग कमी की जास्त सांगतात, तिथे दहा हजारांवर तळणीत उतरू नये. चकली नेता-आणताना मोडते, तेल खवट झालं की माल परत येतो. चकलीची भाजणी विका. ती मोडत नाही, तळावी लागत नाही, नीट बांधली तर दोन-तीन महिने टिकते. सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग या भागांत दिवाळीआधी ती हवी असणारी घरं भरपूर आहेत आणि भाजत बसायला वेळ कुणाकडे नाही.

एका घाण्याचं प्रमाण असं: तांदूळ २ किलो, हरभरा डाळ १ किलो, मूग डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, जाडे पोहे पाव किलो, धने १०० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम. उडीद यापेक्षा वाढवू नका, चकली कडक होते. माल सियागंजातल्या घाऊक किराणा बाजारातून घ्या, पण पहिल्यांदा दोन-तीन घाण्यांपुरताच. स्वस्त मिळाली म्हणून पोतंभर डाळ घेणाऱ्याचं भांडवल डाळीतच अडकतं.

तांदूळ-डाळी धुऊन, कापडावर सावलीत खडखडीत वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. तांदूळ फुलेपर्यंत, लाल नाही. हरभरा डाळ मंद आचेवरच. आच मोठी ठेवली तर वरून रंग येतो, आतून कच्ची राहते आणि चकलीला कच्चट वास येतो. बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. पोहे कुरकुरीत होईपर्यंत, धने-जिरे शेवटी नुसते गरम. मग रात्रभर गार होऊ द्या. गरम धान्य चक्कीत घातलं की पीठ दगडाला चिकटतं. मिरची-मसाला दळणाऱ्या चक्कीवर जाऊ नका; कुणाचं बेसन दळून झालं की लगेच आपला नंबर लावा. पीठ पूर्ण निवल्यावरच पाकिटात भरा. कोमट भरलं तर आत दव धरतं, गुठळ्या होतात, पुढे कीड.

आता हिशेब. ‘घरचंच काम, मजुरी कसली धरायची?’ हे वाक्य आमच्या भाऊजींचं. त्याचं उत्तर इथे लिहूनच ठेवते. भाव रोज हलतात, आकडे पद्धत कळण्यापुरते धरा. वरच्या घाण्याचा कच्चा माल ३१० रुपये, दळण ४०, गॅस २०. भाजताना ओल जाते, चक्कीत थोडं राहतं, चाळताना जातं. सव्वाचार किलोपेक्षा थोड्या कमी मालातून हाती पावणेचार किलो येतं, म्हणजे पाव किलोची १५ पाकिटं. पाकीट आणि लेबल मिळून प्रत्येकी ४ रुपये, म्हणजे ६०. एकूण ४३०. पाकिटामागे साधारण २९ रुपये. भाजणारी बाई ४० ला विकते आणि ११ सुटले म्हणून खूश होते. पण धुणं, भाजणं, चक्कीवर उभं राहणं, चाळणं, बांधणं यांचे कमीत कमी तीन तास धरा. तासाला ८० लावले तर २४० रुपये. एकूण ६७०, पाकिटाला ४५ च्या जवळ. म्हणजे ४० ला विकताना दर पाकिटामागे जवळजवळ ५ रुपये स्वतःच्या खिशातून जातात. हेच काम दुसरीकडून मजुरीने करून घ्यायची वेळ आली, की त्याच दिवशी भाव वाढवावा लागतो आणि गिऱ्हाईक तुटतं. भाजणारी दमली की आपोआप बंद पडणाऱ्या कामाला मी धंदा म्हणत नाही, भाऊजींनी काहीही म्हणावं.

म्हणून भाव पहिल्यापासून ६५. दुकानदाराने २० टक्के घेतले तरी ५२ हाती येतात, थेट विकलं तर पूर्ण. दुकानात एका वेळी सहाच पाकिटं ठेवा, पैसे आठवड्याला घ्या, उरलेली परत घ्या. नातेवाइकांना पहिलं पाकीट भेट द्या, दुसऱ्या पाकिटाला पूर्ण भाव घ्या. ‘आम्हाला तरी घरच्या भावात’ म्हणणाऱ्यांना ४५ रुपयांचा हिशेब दाखवा.

प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घाला: एक वाटी भाजणीला एक वाटीपेक्षा थोडं कमी उकळतं पाणी, एक चमचा कडकडीत मोहन. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की दगड होते. चिठ्ठी नसेल तर हा दोष तुमच्या भाजणीच्या माथी बसतो.

कर्जाबद्दल: सरकारच्या मुद्रा योजनेत शिशु या सर्वांत लहान गटात ५०,००० पर्यंत कर्ज विनातारण मिळतं. पण हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो आणि ही विक्री दिवाळीआधी उसळून मग बसते. उरलेल्या महिन्यांसाठी थालीपिठाची भाजणी जोडा, मग कर्जाचं बघू. वजनकाटा आणि पाकीट बंद करायचा हँड सीलर अडीच-तीन हजारांत होतात, कढई घरात आहेच.

राहिलेल्या गोष्टी. अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करा, ऑनलाइन स्वतःला जमते. तिचा १४ आकडी क्रमांक लेबलवर हवा. शिवाय घटक, निव्वळ वजन, किंमत, बांधल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, नाव-पत्ता, फोन आणि शाकाहारी माल असल्याचा हिरवा ठिपका. काट्यावर नापतौल विभागाचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये सुरुवात करत असाल तर धुऊ नका. माळव्याच्या पावसात पंख्याखालीही डाळ आतून वाळत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि थोडं जास्त वेळ भाजा.