गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी दोनच वर्षांची आहे. बदलावी का?

इतक्यात नको. आधी जरा हिशोब करा. लहान पेट्रोल गाडीत साधारण 35 अँपिअर-तासांची बॅटरी असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) थोडा करंट घेतातच, पण तो 50 मिलिअँपिअरच्या आत असावा. चार दिवसांत त्याचे झाले 4.8 अँपिअर-तास. एवढ्याने धडधाकट बॅटरी बसत नाही. म्हणजे दुसरं काहीतरी बॅटरी खातंय, किंवा ती पुरती भरतच नाही, किंवा तिच्यातच दम उरलेला नाही.

माझा पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर: डॅशकॅम, ट्रॅकर, अ‍ॅम्प्लिफायर. पार्किंग मोडमधला डॅशकॅम 300 मिलिअँपिअर घेत असेल, तर चार दिवसांत जवळजवळ 29 अँपिअर-तास गेले! डिकीचा दिवाही तपासा. फोनवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवा नि झाकण लावा. दिवा विझतो की नाही ते कळेल.

गळती मोजायला मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवा, लाल वायरही त्याच खाचेत. किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. दारं बंद करून अर्धा तास थांबा. सगळी इलेक्ट्रॉनिक्स झोपी जायला तेवढा वेळ लागतो, सुरुवातीचा मोठा आकडा बघून घाबरू नका. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, त्याचा फ्यूज उडेल. अर्ध्या तासानंतरही आकडा 50 मिलिअँपिअरच्या (मीटरवर 0.05) वर असेल तर गाडीचे फ्यूज एकेक करून काढा. ज्याला आकडा एकदम खाली येईल, दोष त्या लाइनवर.

गळती नाही? मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून बॅटरीवर व्होल्टेज बघा. 13.8 ते 14.5 ठीक. 13 च्याही खाली राहत असेल तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा जनरेटर) किंवा त्याचा पट्टा बघून घ्या. (काही नव्या गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त केलं जातं, तिथे एका आकड्यावर विसंबू नका.) टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ब्रश मारा. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

आता बॅटरी. ती वारंवार पूर्ण उतरली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता घटते, त्यामुळे मूळ दोष काढला तरी बॅटरी वाचलेली असेलच असं नाही. जंप स्टार्ट देऊन पंधरा मिनिटं फिरवल्याने ती भरत नाही. मोकळ्या हवेत, चार्जरवर 3-4 अँपिअरने दहा-बारा तास लावा. मग निगेटिव्ह केबल काढून चार दिवस तशीच ठेवा. व्होल्टेज 12.5 च्या वर राहिलं आणि सेल्फही नेटाने फिरला तर बॅटरी बहुतेक ठीक आहे. 12.2 वर आलं तर वॉरंटी कार्ड शोधा.