23 वर्षांच्या लेफ्टनंटचं 25 वर्षं नोकरी झालेला सुभेदार का ऐकतो?

तुमचा भाचा डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून पास होऊन इन्फन्ट्रीच्या पलटणीत निघालाय, आणि बापाच्या वयाचा सुभेदार त्याचं ऐकेल का, ऐकलं तरी मनापासून ऐकेल का, असं तुम्ही विचारलंय. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे हे उत्तर सुभेदाराच्या बाजूचं आहे.

कायद्याचं विचाराल तर हुकूम लेफ्टनंटचाच. आर्मी अ‍ॅक्ट 1950 च्या कलम 41 प्रमाणे वरिष्ठाचा हुकूम मोडणं हा गुन्हा आहे, आणि मुद्दाम, तोंडावर मोडला तर 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कलमाच्या जोरावर चालणारी कंपनी मी पाहिलेली नाही. जवान लेफ्टनंटचं मनापासून ऐकतो ते हा साहेब आपल्या आधी पुढे जाईल आणि आपल्यानंतर जेवेल याची खात्री पटल्यावर. तोवर तो फक्त सॅल्यूट मारतो.

आता सुभेदार. सुभेदार हा जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, जवान आणि अधिकारी यांच्या मधला. हा दर्जा इंग्रजांच्या काळातला. तेव्हा अधिकारी गोरे, शिपाई आपले, आणि मधे व्हाइसरॉयचं कमिशन घेतलेला सुभेदार. साहेबाला गाव कळत नसे, शिपायाला साहेब कळत नसे, दोघांना जोडायचं काम त्याचं. 1947 नंतर आपल्या सैन्याने नाव बदललं आणि दर्जा ठेवला. ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलीवर जातो, कोर्सला जातो, मुख्यालयात स्टाफवर जातो. सुभेदार त्याच पलटणीत रंगरूट म्हणून आलेला असतो आणि तिथेच म्हातारा होतो. कोणत्या पोराच्या घरी जमिनीचा वाद चाललाय, कोण दोन महिने गप्प गप्प आहे, कोणाला डोंगरावर दम लागतो, हे सगळं त्याला माहीत असतं. पलटणीची आठवण म्हणजे तो. रायफल कंपनीत तीन प्लाटून, म्हणजे तीन तुकड्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच प्लाटून प्रत्यक्षात जेसीओच चालवतात. म्हणजे तुमच्या भाच्याला मिळणारा सुभेदार नुसता सल्लागार नाही, त्याने स्वतः माणसं चालवलेली असतात.

नवीन अधिकारी आला की पुष्कळ पलटणींत त्याला पहिले काही आठवडे जवानांबरोबर बराकीत ठेवतात. लंगरमधलं जेवण, पहाटेची पीटी, संध्याकाळचा रोल कॉल, सगळं त्यांच्याबरोबर. बाहेरच्याला ही शिक्षा वाटते. मला विचाराल तर अकादमीत जे शिकवता येत नाही ते इथे शिकून होतं. आमच्याकडे केरळचा, पंजाबचा, बंगालचा अधिकारी आला तरी त्याने मराठी शिकायची हा पलटणीचा रिवाज. गणपतीत आणि मंदिर परेडला तो जवानांच्या शेजारी उभा राहतो, त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो. दसऱ्याला शस्त्रपूजेला असतो. बड्या खान्याला, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाला, अधिकारी जवानांच्या पंगतीत बसतात, हाताने वाढतात. बाहेरून हे सण-समारंभ वाटतील. पण ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही ललकारी रात्री चढावर सगळ्यांच्या तोंडून एकदम निघायची असेल, तर ते एकत्र उभं राहणं आधीच झालेलं असावं लागतं.

आता मतभेदाचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

काश्मीरमध्ये असताना एका तरुण लेफ्टनंटबरोबर मी अँबुशला, म्हणजे शत्रूसाठी दबा धरून, बसलो होतो. दोन रात्री पावसात काढल्या होत्या, कपडे अंगावरच वाळत आणि भिजत होते. माझं मत होतं की पोरं थकली आहेत, मागे घ्यावी, थकलेला माणूस आवाज करतो. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘साहेब, तुम्हाला काय वाटतं?’ मी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, अजून एक रात्र थांबू, आणि का ते दोन वाक्यांत सांगितलं. मी ‘ठीक आहे साहेब’ म्हटलं आणि पोरांकडे जाऊन सांगितलं, आजची रात्र इथेच. हा हुकूम कोणाचा, मला तो पटला होता की नाही, हे एकाही जवानाला कळलं नाही. पहाटेची दोन ते चारची पहाऱ्याची ड्यूटी त्या लेफ्टनंटने स्वतःकडे घेतली. त्या रात्री कोणी आलं नाही. तो बरोबर होता की मी, हे कधी ठरलं नाही, ठरवायची गरजही पडली नाही.

पलटणीतली शिस्त ती हीच. निर्णयाआधी सुभेदाराने खरं बोलायचं आणि अधिकाऱ्याने खरंच ऐकायचं. निर्णय झाला की तो दोघांचा. जो सुभेदार जवानांसमोर ‘साहेबांनी सांगितलंय म्हणून’ असं म्हणतो त्याने साहेबाला उघडं पाडलेलं असतं. आणि जो अधिकारी सुभेदाराला जवानांसमोर झापतो, त्याचे हुकूम नंतर पाळले जातात, पण जेवढ्यास तेवढे. लढाईत जेवढ्यास तेवढं पुरत नाही.

एक गोष्ट नवीन अधिकाऱ्यांना उशिरा समजते. हे सगळं जमवायचं ते अधिकारी नसताना काम चालावं म्हणून. 23 ऑक्टोबर 1962 ला आजच्या अरुणाचलमधल्या बूम ला खिंडीच्या भागात सुभेदार जोगिंदर सिंग यांची प्लाटून चिनी हल्ल्यांच्या लाटांसमोर उभी होती. जखमी होऊनही त्यांनी मागे जायला नकार दिला, आणि गोळ्या संपल्यावर उरलेली माणसं संगिनी घेऊन पुढे गेली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्याआधी 10 जुलै 1944 ला इटलीत आमच्या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, यांच्या सेक्शनमधली, म्हणजे प्लाटूनमधल्या छोट्या तुकडीतली, बाकी सगळी माणसं मशीनगनने मेली किंवा जखमी झाली. ते एकटे ठाण्यावर धावून गेले, ते जिंकलं आणि तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सुभेदार काय, नाईक काय, त्या क्षणी नेतृत्व कोणी हातात आणून दिलं नव्हतं. पलटणीने ते आधीच खालपर्यंत पोचवलं होतं.

भाच्याला कोणती रेजिमेंट मिळाली ते तुम्ही लिहिलं नाही. जी असेल तिथल्या जवानांची भाषा त्याने आत्तापासून शिकायला घ्यावी, मोडकी चालेल. पोचल्यावर सीनियर जेसीओला भेटून कंपनीतल्या माणसांबद्दल विचारावं, त्यांच्या कामाबद्दल नंतर. सुभेदाराला सगळ्यांसमोर ‘साहेब’ म्हणावं, तोही त्याला साहेबच म्हणणार आहे. आणि रजेचा अर्ज कोणाचाही असो, टेबलावर पडू देऊ नये. ‘हो’ असेल तर त्याच दिवशी हो, ‘नाही’ असेल तर जवानाला समोर बोलावून, कारणासकट नाही. माझ्या पाहण्यात तरुण अधिकाऱ्यांची पत सर्वांत जास्त याच एका गोष्टीवर बनली किंवा गेली.