बॉनेटवर हात ठेवून बघ

पोरी,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं नव्या गाडीचं कोटेशन दोनदा वाचलं. पांढरी, उंच, छपराला काच, 11 लाखांचं कर्ज, मुदत 7 वर्षं. साडेनऊ टक्क्यांनी हप्ता 18 हजारांना टेकतो आणि नुसतं व्याजच 4 लाखांच्या वर जातं. तेवढ्यात पाच-सहा वर्षं वापरलेली चांगली आल्टो येईल, वर विमा आणि नवे टायरही. पण हिशेब तुला माझ्यापेक्षा बरा कळतो. आपण गाडीचं बोलू.

परवा इथे चिपळुणात एका लग्नाला गेलो होतो. जेवून बाहेर आलो तर कार्यालयासमोरच्या मैदानात चार बाप्ये रिमोट दाबत उभे. आपली कुठली ते दिवा लुकलुकल्यावर कळणार! सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची नाकं सारखीच फुगलेली. मी हसलो नाही, कारण मीही त्यातलाच. मध्ये पाच वर्षं एक सेडान वापरली, मारी बिस्किटाच्या रंगाची. एकदा म्हणून बंद पडली नाही. विकली आणि महिन्याभरात तिचा नंबर विसरलो. तुझ्या काकूला तर ती गाडी होती हेच आठवावं लागतं. तिला आठवते मारुती 800. मागे दोन पोरं, मध्ये फणस, आणि कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर.

तसल्याच 800 वर तू शिकलीस. 796 सीसी, तीन सिलिंडर, आणि शिकवायची गाडी म्हणून माझ्या पायाशीही क्लच-ब्रेक. 1983 च्या डिसेंबरात पहिली गाडी दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती गेली तेव्हा किंमत पन्नास हजारांच्या आत होती. दिसायला म्हणशील तर साबणाची वडी. पण चढावर हाफ क्लच शिकवताना मी तुला कान द्यायला सांगितलं होतं, आठवतंय? इंजिनाचा आवाज किंचित बसतो, नाक सूतभर उचलतं, त्या क्षणी हँडब्रेक सोडायचा. पहिल्या दिवशी सात वेळा बंद पाडलीस आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या मी खाल्ल्या. जड गाडीत हे सगळं रबराखाली आणि कापसाखाली दबून जातं. आता तर चढावर ब्रेक गाडीच धरून ठेवते. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण छोट्या गाडीत पन्नासच्या वेगालाही आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि चलन न फाडून घेता तिचा तिसरा गिअर पुरता खेचता येतो.

छोटी गाडी घेतलीस तर लोक हसतील, तेवढी तयारी ठेव. नॅनोचं काय झालं? 624 सीसीचं इंजिन मागे, बाहेरून चिमुकली, आत सहा फुटी माणूस ऐसपैस. पण ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का बसला, आणि आपल्याकडे निम्मी गाडी शेजाऱ्याने बघावी म्हणून घेतात. 2009 ला आली, 2018 ला संपली.

एका बाबतीत मात्र गोड बोलणार नाही. 2014 च्या जानेवारीत, 800 बंद झाली त्याच महिन्यात, गाड्या ठोकून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने इथल्या पाच छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांचे निकाल जाहीर केले. पाचांनाही शून्य तारे. तेव्हा जुलै 2019 नंतर बनलेलीच घे. ड्रायव्हरची एअरबॅग आणि जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस तोवर सक्तीचे झाले होते. तरी ती काही रणगाडा होत नाही. रोज एक्स्प्रेसवेने जायचं असेल तर माझं हे पत्र बाजूला ठेव आणि वजनदार गाडी घे. पण तुझं ऑफिस अकरा किलोमीटरवर आहे, तेही सिग्नल मोजत.

आता बघायचं काय? पुराची गाडी सगळ्यात आधी ओळख. 2021 च्या जुलैतल्या पुरानंतर इथल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून बाहेर गेल्या. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढ. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो तिथे मातकट रेघ दिसली तर उठून ये. गालिच्याचा कोपरा उचल, सीटच्या रुळांवर गंज बघ. नंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरव, चाकाकडून टकटक आली तर चाक फिरवणाऱ्या दांड्याचा जॉइंट गेला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. विकणाऱ्याने मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर तुझ्यासमोर सह्या कराव्यात.

आणि सकाळी लवकर जा. आदल्या दिवशीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. इंजिनाच्या खोड्या ते थंड असताना चालू केलं तरच कळतात. पोचल्यावर चहाबिहा नंतर, आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर किल्ली मागूच नकोस, तिथूनच मला फोन लाव.

तुझा,
काका