एजंट काका गेले, आता हप्ता कुणाकडे भरायचा?

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या वाचकांची पत्रं समोर आहेत. कोणती पॉलिसी घ्यावी, हे फारसं कुणी विचारलेलं नाही. घेतल्यानंतर काय, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे.

प्रश्न : आमचा एजंट एकाच कंपनीच्या पॉलिसी दाखवतो. मेहुणे म्हणतात, ब्रोकरकडे जा. फरक काय? (निपाणी)

एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी. नियमाप्रमाणे त्याला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी, एवढ्यांचंच काम करता येतं. ब्रोकर अनेक कंपन्यांच्या पॉलिसी देऊ शकतो आणि त्यानं ग्राहकाच्या बाजूनं काम करणं अपेक्षित असतं. पैसे मात्र दोघांनाही बहुधा कंपनीकडूनच मिळतात, हे ध्यानात ठेवून बोला. परवाना दाखवा म्हणायला संकोच नको.

मेडिक्लेम असेल तर नूतनीकरणाच्या दोन महिने आधी एजंटांना किंवा ब्रोकरना घरी बोलवा. कंपनी बदलायची झाली तर अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी जावा लागतो. जुन्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी थांबलेला काळ नव्या कंपनीत धरला जातो. पण ही तारीख चुकली की एक वर्ष जातं. तुमची तारीख त्यांच्या डायरीत लिहिलेली आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

प्रश्न : मला पाच वर्षांपासून शुगर आहे. एजंट म्हणतो, फॉर्मात लिहू नका, तीन वर्षांनंतर कंपनी काही करू शकत नाही. खरं का? (शहापूर, बेळगाव)

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानंच घरं बुडतात. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे आयुर्विम्याला तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणानं ती पॉलिसी खोटी ठरवता येत नाही. पण घरचा कर्ता माणूस दुसऱ्याच वर्षी गेला तर? लपवलेला आजार तेव्हा बाहेर येतो. मेडिक्लेमला तर हे कलम लागूच नाही. तिथं सलग ६० महिने झाल्यावर असं संरक्षण मिळतं, आणि फसवणूक सिद्ध झाली तर तेही नाही. उलट शुगर लिहून पॉलिसी मिळाली, तर त्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. लिहा.

काही वर्षांपूर्वी एका बाईंनी नाकारलेल्या क्लेमचे कागद माझ्यापुढे ठेवले. फॉर्म सगळा इंग्रजीत. आजारांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘नो’वर निळ्या पेनाच्या खुणा, एका दमात ओढलेल्या. खाली त्यांच्या यजमानांची मराठी सही, एकेक अक्षर सुटं, जपून काढलेलं. फॉर्म समजावून सांगितल्याच्या निवेदनावर एजंटाची सही. ‘ह्यांनी तर डॉक्टरांची फाइल त्यांच्यासमोर ठेवली होती,’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ते दाखवायला हातात एक चिठ्ठीही नव्हती. तो फॉर्म मी अजून विसरलेलो नाही.

आपल्याकडे फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतो आणि सही मराठीत होते. म्हणून एकेक प्रश्न मराठीतून समजून घ्या, उत्तर स्वतः सांगा आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत फोटोशी ताडून पाहा. काही वेगळं दिसलं तर लगेच लेखी कळवा. नकोच वाटली तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

प्रश्न : बाबांचे हप्ते घेऊन जाणारे एजंट काका वारले. वर्षभर हप्ता गेला नाही. पॉलिसी बुडाली का? (खानापूर तालुका)

नाही. करार कंपनीशी आहे, काकांशी नव्हता. युलिप (शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी) नसेल तर पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांपर्यंत पॉलिसी पुन्हा चालू करता येते. थकलेले हप्ते, व्याज आणि तब्येतीचं निवेदन द्यावं लागतं, कधी तपासणीही. बॉन्ड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, घेऊन शाखेत जा आणि सेवेसाठी दुसरा एजंट द्या, असा अर्ज करा. मात्र उशीर नको. पॉलिसी बंद असताना काही झालं तर पूर्ण रक्कम मिळत नाही, आणि वर सांगितलेली तीन वर्षं चालू केल्याच्या दिवसापासून पुन्हा मोजली जातात.

नवा एजंट रोख हप्ता नेत असेल तर कंपनीची छापील पावती मागा. डायरीतली सही पावती नव्हे. एजंटानं घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून २४ तासांत कंपनीकडे पोचवावा, असं कायदा सांगतो.

आणि एक. नॉमिनी म्हणून आईचं नाव असेल तर बॉन्ड आणि आधार शेजारी ठेवून पाहा. आपल्या भागात एकाच बाईचं नाव एका कागदावर मराठी वळणानं आणि दुसऱ्यावर कन्नड वळणानं पडलेलं असतं. बाबा आहेत तोवर त्यांच्या एका अर्जावर हे काम होतं. नंतर आईला त्यासाठी हेलपाटे घालावे लागतील.

प्रश्न : एजंट पहिल्या हप्त्यातले पैसे परत देतो म्हणतो. घ्यावेत का? (चिकोडी)

नाही. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे देणारा आणि घेणारा दोघंही दोषी, दंड दहा लाखांपर्यंत.

प्रश्न : राहतो बेळगाव तालुक्यात, पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेची. मिरजेतल्या ऑपरेशनचं बिल कंपनीनं नाकारलं. एजंट म्हणतो, आता बेंगळुरूला जावं लागेल. (बेळगाव तालुका)

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात. तुमचं घर कर्नाटकात म्हणून बेंगळुरूचे लोकपाल आहेतच. पण ज्या शाखेविरुद्ध तक्रार, तिच्या भागातल्या लोकपालाकडेही जाता येतं, आणि कोल्हापूर पुण्याच्या लोकपालाकडे येतं.

एजंटाला यातून मोकळं सोडू नका. दवाखान्यात दाखल झाल्याचं त्यांनी कंपनीला कधी आणि कसं कळवलं, हे त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. कंपनीनं तक्रार फेटाळल्यापासून लोकपालाकडे जायला एक वर्ष मिळतं, तेव्हा तिचं पत्र पाकिटासकट ठेवा, तारखेचा शिक्का पाकिटावर असतो.