आधी टाकीत काठी घाला

प्रश्न: आमची संस्था फोंड्यात शाळा आणि मुलांचं वसतिगृह चालवते. मार्च उजाडला की टँकर सुरू होतात. पाण्याची गळती थांबवायला थोडा खर्च करू म्हटलं, तर कार्यकारिणीतले ज्येष्ठ म्हणतात, ‘नळाचं बिल ते केवढं! आणि गोव्यात पाऊस काय कमी पडतो?’ त्यांना काय सांगू?
– एक व्यवस्थापक

उत्तर: पावसाचं त्यांचं म्हणणं खरंच आहे. गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि आपल्या नद्या आखूड. घाटावरून उतरलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. उन्हाळ्यात उलटंच, भरतीचं खारं पाणी नदीतून आत चढतं. तुमच्या नळाचं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं, म्हणजे खांडेपार नदीचं. मार्चमध्ये तिला जुलैचा पाऊस कुठून आठवणार?

नळाचं बिल किरकोळ, हेही मान्य. पण टँकरचं बिल ज्येष्ठांसमोर ठेवलंत का? आणि गिझरचं? 20 लिटरची एक बादली 27 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला साधारण 0.4 युनिट वीज जाते. बादल्या किती, मुलं किती, गुणाकार त्यांनाच करू द्या.

मी 26 वर्षं पंप आणि नळांच्या कामात काढली. निवृत्तीनंतर एका वसतिगृहाने बोलावलं, टँकर परवडेनात म्हणून. योगायोगाने चवथीची सुट्टी लागली होती, मुलं घरी गेलेली. संध्याकाळी सहाला पंप बंद केला, गच्चीवरच्या टाकीत बांबूची काठी घातली आणि पाण्याच्या पातळीला खडूने खूण केली. सकाळी सहाला पाहतो तर पाणी 25 सेंटिमीटर उतरलेलं! टाकी 3 मीटर बाय 2 मीटर, म्हणजे रिकाम्या इमारतीत रात्रीत 1,500 लिटर गेलं. एक थेंब कुठे जमिनीवर दिसला नाही.

मग प्रत्येक फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ टाकली आणि फ्लश न दाबता अर्धा तास थांबलो. 24 पैकी 11 भांड्यांत निळं पाणी उतरलं. आतले रबर झिजले होते, बस्स. रबर बदलायचा खर्च एका टँकरहूनही कमी आला. (त्याआधी संस्थेने महागडे सेन्सरचे नळ बसवले होते, उद्घाटनाला पाहुणे बोलावून. झिजलेल्या रबराचं उद्घाटन कोण करणार?)

छपरावरचं पाणी साठवा, असं कोणीतरी सुचवेलच. 500 चौरस मीटर छपरावर 3,000 मिलिमीटर म्हणजे कागदावर 15 लाख लिटर. तेवढी टाकी बांधायला जागा कुठली? आवारात विहीर असेल तर पहिले पाऊस सोडून पुढचं गाळून तिच्याजवळ मुरवा. पण ते दुसरं काम.

पहिलं काम काठीचं. सुट्टीच्या दिवशी करा, आणि नीळ टाकण्याआधी वॉर्डनला सांगून ठेवा. आमच्याकडे तो न सांगता आला, निळं पाणी बघून घाबरला आणि प्लंबरला फोन लावून बसला.